फवाऱ्यापेक्षा कुंचला बरा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एकलहरे येथून एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला धाप लागली होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि एक वाक्य बोलायला तो दोनदा थांबत होता. त्याला दमा आहे हे मला ठाऊक होते. पण जवळजवळ वर्षभर त्याची तब्येत चांगली होती. वाफेवाटे औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने तो सावरला. मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात रंगकाम काढले आहे का? नवी उदबत्ती? डासांची कॉइल? कुत्रे-मांजर?

बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "रंगकामच की, डॉक्टर. पण भिंतीचं नाही. आमच्या नानांचं विमान!"

त्यांच्या मागे त्यांचे सासरे उभे होते. कॉलनीत सगळे त्यांना नानाच म्हणतात. मान खाली, हातात नातवाची पाण्याची बाटली आणि नखांत चंदेरी रंग.

नाना एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. बॉयलरच्या कामावर तीस वर्षे तीन पाळ्यांत काढलेली. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि माणूस एकदम बसला. रात्री झोप नाही, दिवसा करमत नाही. झोपेच्या गोळ्या मागायला ते माझ्याकडे येत आणि मी दर वेळी त्या द्यायला कां-कूं करी. अशातच नातवाच्या वाढदिवसाला कोणीतरी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे किट दिले. मिग-२१ विमान, १:७२ या प्रमाणातले. नातवाने दोन दिवस खटपट केली आणि खोका कपाटावर टाकला. नानांनी तो खाली काढला. भाग कापून, घासून, चिकटवून विमान उभे राहिले. मग दुसरे, तिसरे. त्या काळात नाना गोळ्या मागायला आले नव्हते, हे मला त्या दिवशी दवाखान्यात उमगले.

चौथ्या विमानाला एकसारखा चकचकीत रंग यावा म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला. बाहेर पाऊस, म्हणून गॅलरीच्या काचा बंद. नातू शेजारी उभा राहून बघत होता. पुढे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना, हा पोरखेळ बंद करा म्हणून. नाहीतर मी सगळं भंगारवाल्याला देते," सूनबाई म्हणाल्या.

नाना एवढेच बोलले, "देऊन टाक, बाळा. पोरापेक्षा विमान मोठं नाही."

वाचकहो, त्या माउलीचा राग मला पूर्ण मान्य होता. तरीही 'बंद करा' असे मी सांगितले नाही. का सांगितले नाही, हाच आजच्या लेखाचा विषय आहे. माझे मत थोडक्यात असे : दोष विमानाचा नव्हता, फवाऱ्याचा होता. हाताने, कुंचल्याने रंगवलेले विमान हे निवृत्त माणसासाठी औषधाइतके गुणकारी ठरू शकते. पण औषध म्हटले की मात्रा आली आणि पथ्यही आले.

हाताला काम, मनाला विसावा

ज्या माणसाने तीस वर्षे व्हॉल्व्ह फिरवले, गेजचे काटे पाहिले, रात्री तीन वाजता आवाजावरून यंत्राची तब्येत ओळखली, त्याला निवृत्तीनंतर आपण काय देतो? एक शाल, एक श्रीफळ आणि टीव्हीसमोरची खुर्ची. पोटाची सोय निवृत्तिवेतनाने होते, हातांची सोय कोणीच करत नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असे म्हणून आपण हसतो. पण त्या न्हाव्याच्या हाताला काहीतरी करावेसे वाटते, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

हाताच्या कामाने माणूस बरा होतो ही कल्पना नवी नाही. तिला आपल्या वैद्यकात 'व्यवसायोपचार' असे नाव आहे. त्याचे रीतसर शिक्षण भारतात सुरू झाले ते १९५० साली, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, पण लग्नाने मराठी घरात आलेल्या. अर्धांगवायूने पडलेल्या, हाड मोडलेल्या, मनाने खचलेल्या माणसाला उपयोगाचे, आवडीचे काम हाती द्यायचे आणि त्या कामातून हात व मन दोन्ही पुन्हा कामाला लावायचे, हे या शास्त्राचे सूत्र.

अलीकडचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतील, ६५ वर्षे व त्यापुढच्या ९३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना काही छंद होता त्यांच्यात उदासीनतेची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. छंदामुळेच ते घडले, असे मात्र त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्याची प्रकृती मुळात बरी तोच छंद करू शकतो, असेही असेल. पण रोज रुग्ण पाहणारा कोणीही डॉक्टर सांगेल की, सकाळी उठण्याला काही कारण असलेला म्हातारा आणि काहीच कारण नसलेला म्हातारा यांच्या तब्येतीत फरक पडतो.

आता कोणी म्हणेल, छंदच हवा तर बागकाम करावे, भजन करावे; लढाऊ विमान कशाला? मुलांच्या हाती युद्धाचे खेळणे कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या जिल्ह्यात लढाऊ विमान हे केवळ युद्धाचे चित्र नाही, ती अनेक घरांची रोजीरोटी आहे. ओझरला १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी कारखाना उभा राहिला आणि लोकांनी त्या गावाला 'ओझर मिग' म्हणायला सुरुवात केली. पुढे तिथे मिग-२७ झाले, सुखोई-३० झाले. १९६३ साली हवाई दलात आलेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला निरोप दिला गेला आणि पुढच्याच महिन्यात नाशिकच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात उडाले. नानांचा धाकटा भाऊ मिगमध्ये फिटर होता. नातवाला आजोबा विमानाबरोबर हेही सांगतात. एका खेळण्यात घराचा इतिहास आला, तर मला त्यात वावगे दिसत नाही.

शिवाय हे काम मापाचे आहे. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एक इंच. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, तो टेबलावर जेमतेम १० सेंटीमीटर होतो, म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही लहान. हे प्रमाण जुने आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शत्रूची आणि आपली विमाने लांबून ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने याच प्रमाणात करून मागवली होती. एवढ्याशा वस्तूवर रेघ मारायची तर श्वास संथ करावा लागतो, नजर एका जागी ठेवावी लागते. तेवढा वेळ तरी माणूस दुसऱ्या चिंतेत राहत नाही.

फवाऱ्यात काय असते?

रंग म्हणजे तीन गोष्टींचे मिश्रण : रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि दोन्हींना पातळ करणारे द्रावण. कुंचल्याने रंग लावला की तो वस्तूवर बसतो आणि फक्त द्रावणाची वाफ हवेत जाते. फवारा मारला की वाफ तर जातेच, पण रंगाचे अतिबारीक थेंबही हवेत उडतात. छोट्या वस्तूवर फवारा मारताना बराचसा रंग वस्तूला चुकवून पुढे जातो. हे थेंब बराच वेळ तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच हळव्या असतात. त्या लगेच आकसतात. नानांच्या नातवाला नेमके हेच झाले.

बाजारात फवारापेन आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. त्याने पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग उडवला तर धोका नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वास कमी येतो एवढेच. थेंब फुप्फुसात जायचे ते जातातच. आणि काही दोन-भागी रंगांत, म्हणजे मोटारींना मारतात त्या प्रकारच्या रंगांत, आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवाऱ्याने रंग देणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचे ते एक प्रमुख कारण आहे. असा रंग घरात कधीही फवारू नये.

साधा कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क लावून काम भागत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, द्रावणाची वाफ अडवत नाही. खऱ्या विमानाला रंग देणारे कामगार डोक्यापासून पायापर्यंत पोशाख घालतात, त्यांना स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा असतो, दूषित हवा खेचून घेणारे मोठे पंखे असतात. त्यातले आपल्या क्वार्टरच्या गॅलरीत काय आहे? ज्याच्याकडे हवा बाहेर टाकणारी पेटी, योग्य मुखवटा आणि वेगळी खोली आहे त्याने फवारा जरूर वापरावा. दोन खोल्यांच्या घरात, जिथे म्हातारे आणि मूल एकाच हवेत झोपतात, तिथे कुंचलाच बरा.

हात पातळ, धीर जाड

"पण डॉक्टर, ब्रशाच्या रेघा दिसतात हो," ही नानांची तक्रार होती. फवाऱ्याकडे ते वळले ते याचमुळे. म्हणून ज्यांना हे काम येते अशा एका स्नेह्यांना मी विचारले आणि स्वतःही करून पाहिले. रेघा कुंचल्यामुळे पडत नाहीत, घाईमुळे पडतात.

आधी प्लॅस्टिकचे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातून आलेला तेलकटपणा रंगाला धरू देत नाही. सांध्यात लांबी भरली असेल तर ती घासून सपाट करावी. मग अस्तराचा एक हात द्यावा. रंग डब्यातून थेट न लावता दुधासारखा पातळ करून घ्यावा. मोठ्या भागासाठी मऊ केसांचा चपटा कुंचला, कॉकपिट आणि चाकांसाठी शून्य नंबरचा. पहिल्या हातातून खालचे प्लॅस्टिक डोकावेल, डोकावू द्यावे. अर्धवट वाळलेल्या रंगावरून पुन्हा कुंचला फिरवला की रेघ पडलीच म्हणून समजा. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, आणि गरज वाटल्यास तिसरा. तीन पातळ हातांनी जे साधते ते एका जाड हाताने साधत नाही. एनॅमल रंगाला तर दोन हातांत एक दिवस जाऊ द्यावा.

ही वाट पाहणे मला आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाटते. फवाऱ्याने पाच मिनिटांत जे उरकते, त्याला कुंचल्याने चार दिवस लागतात. निवृत्त माणसाला वेळ वाचवून करायचे काय? त्याला तर उद्याचे काम हवे असते. आज एक हात दिला, उद्या दुसरा द्यायचा आहे, एवढा विचार उशाशी घेऊन माणूस निजतो.

आणि थोडीशी रेघ राहिलीच तर राहू द्यावी. १९७१ च्या युद्धात आपल्या चंदेरी मिग-२१ विमानांवर हवाई तळांवरच घाईने हिरव्या-तपकिरी छटा चढवल्या गेल्या होत्या. ती काही प्रदर्शनात मांडण्यासारखी रंगसंगती नव्हती. पण काम चोख झाले.

कुंचल्यालाही पथ्य आहे

कुंचला हाती आला म्हणजे सगळे निर्धोक झाले, असे मात्र नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात.

कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करू नये. ही सवय फार जणांना असते. १९१७ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या व यंत्रांच्या तबकड्यांवर रात्री चमकणारे आकडे रंगवणाऱ्या मुली कुंचला असाच ओठांनी टोकदार करीत. त्या रंगात रेडियम होते. अनेकींच्या जबड्याची हाडे सडली, काहींचा जीव गेला. आपल्या रंगात रेडियम नाही हे खरे. पण रंगद्रव्य पोटात जाण्यासाठी नसते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जुना, वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला डबा त्याआधीचा असू शकतो. तो मुलाच्या हाती देऊ नये. रंग हाताळताना खाणे-पिणे, विडी, तंबाखू नको. काम संपले की साबणाने हात धुवावेत.

घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा दमेकरी असेल तर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंगच घ्यावा. एनॅमल वापरायचाच तर खिडकी आणि दार समोरासमोर उघडे ठेवून. डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले, डोळे चुरचुरले तर ते थकव्याचे लक्षण समजू नये. ते वाफेचे लक्षण आहे. ताबडतोब उठून मोकळ्या हवेत जावे.

टर्पेंटाइन, थिनर पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. रॉकेलच्या बाबतीत आपण हे दुःख कितीतरी घरांत पाहिले आहे. मुलाने असे काही प्यायलेच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. उलटी होताना ते द्रावण फुप्फुसात शिरते आणि तिथे न्यूमोनिया करते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. हे पदार्थ पेट घेतात, तेव्हा देव्हाऱ्यातील निरांजन आणि स्वयंपाकाचा गॅस यांपासून दूर बसावे.

प्लॅस्टिक जोडण्याच्या चिकटद्रव्याचीही वाफ येते. थेंबभर काढून लगेच झाकण लावावे. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने बोटे जुळली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेला तर चोळू नये, पापण्या ओढून उघडू नयेत. पाण्याने धुवावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

घासकाम कोरडे करू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे म्हणजे धूळ उडत नाही. हे एकलहऱ्याच्या माणसाला शिकवायला नको. बॉयलरमधली राख पाण्यात कालवून बंधाऱ्याकडे का सोडतात, हे नानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ओली राख छातीत जात नाही, तसेच ओले प्लॅस्टिकही जात नाही.

ब्लेड नेहमी बोटांच्या उलट दिशेने चालवावे. मधुमेही माणसाच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्याला कापलेले कळतही नाही. काम झाल्यावर बोटे पाहावीत, धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असावे. चाके, क्षेपणास्त्रे असे बारीक भाग रांगत्या मुलापासून दूर ठेवावेत.

दिव्याचा उजेड डाव्या बाजूने यावा (डावखुऱ्यांनी उजव्या). चाळिशीचा चष्मा लावायला लाजू नये. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद लांब, वीस फुटांपलीकडे पाहावे. विमानावर वाकू नये, विमान वर आणावे. टेबलावर दोन जाड पुस्तके ठेवून त्यावर काम मांडले की मान वाचते. आणि रात्री नऊनंतर दिवा मालवावा. रात्रपाळीची जुनी सवय असलेल्या माणसाला रंगवता रंगवता एक कधी वाजतो ते कळत नाही. ज्या छंदाने झोप आणली, त्यानेच ती घालवू नये. अति तेथे माती.

हात थरथरत असेल तर

पुष्कळ लोक म्हणतात, "आता या वयात आमचा हात कुठे स्थिर राहतो?" मनगटाची कड टेबलावर टेकवावी, दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना लावून ठेवाव्यात, भाग हातात न धरता काडीवर किंवा कपड्याच्या चिमट्यात धरावा. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर कुंचल्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करावा. एवढ्याने बऱ्याच जणांचे भागते.

पण कुंचला एक गोष्ट लपवू देत नाही. सहा महिन्यांपूर्वी सरळ येणारी रेघ आता येत नसेल, तर त्याचे कारण शोधले पाहिजे. काम करताना दोन्ही हात कापतात तो कंप बहुधा वेगळा. हात स्वस्थ मांडीवर असताना एकाच बाजूचा कापतो, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, ती पार्किन्सनची सुरुवात असू शकते. थायरॉइड, काही औषधे, दारू यांनीही हात कापतो. आणि एखाद्या दिवशी कुंचला हातातून एकाएकी गळून पडला, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, तर तो अर्धांगवायूचा झटका समजून एक मिनिटही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. "वयच झालं" म्हणून घरी बसू नये.

मग नानांचे काय झाले?

त्या दिवशी मी सूनबाईंना म्हणालो, "ताई, तुम्ही दोघेही बरोबर आहात. फवाऱ्याचा डबा आजच घराबाहेर काढा. विमान राहू द्या." त्यांना ते लगेच पटले नाही. आईचे काळीज होते आणि रात्री मुलाच्या उशाशी बसायचे होते ते त्यांनाच. म्हणून आम्ही तिघांनी मिळून नियम ठरवले. रंग फक्त अॅक्रिलिक. काम फक्त गॅलरीत, काचा उघड्या ठेवून. पाऊस असेल तर त्या दिवशी रंग नाही, फक्त कापणे आणि चिकटवलेले तपासणे. नातू बघेल तो रंग वाळल्यावर. आणि त्याचा रोजचा श्वासाचा पंप एकही दिवस चुकणार नाही. तो देण्याची जबाबदारी नानांची. पंपाची सवय लागते, हा गैरसमजही त्याच बैठकीत मी खोडून काढला.

दिवाळीनंतर ते तिघे पुन्हा आले. मुलाची छाती स्वच्छ होती. याचे श्रेय एकट्या कुंचल्याला देणे योग्य होणार नाही; रोजच्या पंपाचा वाटा त्यात मोठा आहे. पण पंप रोज दिला गेला, कारण तो देणाऱ्या माणसाला रोज उठून काम होते. नातवाने खिशातून एका कागदात गुंडाळलेले मिग-२१ काढून माझ्या टेबलावर ठेवले. चंदेरी रंगाखाली, उजव्या पंखावर, दोन बारीक रेघा दिसत होत्या. मी त्या पाहतोय हे बघून नाना म्हणाले, "तो हात नातवाचा आहे."

सूनबाई हसल्या नाहीत. पण भंगारवाल्याचे नावही त्यांनी काढले नाही.

वाचकहो, आपल्या घरातही एखादे नाना असतील. त्यांचे टेबल, त्यांच्या डब्या, त्यांचा पसारा आपल्याला अडचणीचा वाटत असेल. त्रास खरा असेल तर तो जरूर बोलून दाखवा. पण फेकून देण्यापूर्वी एवढे पाहा की नडते आहे ते काम, की ते करण्याची रीत. रीत बदलता येते. माणसाच्या हातातले काम एकदा गेले, की ते परत आणणे मात्र डॉक्टरांनाही कठीण जाते.